मैत्रीचे सामने

लीग सुरू व्हायला अजून पाच आठवडे आहेत
आणि रामबागेच्या पोरांच्या पोटऱ्यांना आत्ताच गोळे येताहेत.
रेशीमवाले सर शिट्टी तोंडात धरूनच बोलतात,
त्यामुळे शिवी मिळाली की शाबासकी
हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

मी स्कूटीला घडीची खुर्ची बांधते.
डिक्कीत शेव, पाण्याची बाटली, वही.
वही बिजली मंडळाची, निवृत्तीच्या दिवशी उचलून आणलेली:
मागचं वाचन, चालू वाचन, फरक.
त्या तीन रकान्यांत मी गोल लिहिते.
पोरं मला मीटरवाली मावशी म्हणतात.
माझं त्यांच्यात कुणी नाही.
बहीण विचारते, मग उन्हात का बसतेस?
मी म्हणते, सावलीत सामना नसतो ना.

पहिला महूला, फौजी पोरांशी.
नावाला मैत्रीचा.
अकराव्या मिनिटाला सुशील चौहानचं नाक फुटलं.
त्यांच्या सुभेदारानं बर्फ आणला, स्वतः दाबून धरला,
गाव कुठलं म्हणून विचारलं.
हीच काय ती मैत्री.
चार–शून्य.
येताना राऊला टेम्पो थांबवून सरांनी कचोऱ्या घेतल्या,
हरलेल्यांना दोन दोन.

दुसरा देवासला. मैदानाच्या कोपऱ्यात
कुणाच्या तरी बारशाचा मंडप,
तेव्हा तिकडून कॉर्नर घ्यायचा नाही असं ठरलं.
तरी बॉल तीनदा पंगतीत गेला.
तिसऱ्यांदा परत आला तो बाफल्यांचं तूप लावून,
आणि तन्वीरच्या हातमोज्यांतून सुळकन आत.
एक–एक.
वहीत मी "तुपाचा गोल" लिहिलं, अवतरणचिन्हांसकट.

तिसऱ्याला तो आला.
चिमणबागेत, रतलामच्या रेल्वेवाल्यांविरुद्ध.
पिथमपूरची रात्रपाळी संपवून थेट,
बूट उसने, डाव्या बुटाला नाडीच्या जागी सुतळी.
सर म्हणाले, अर्धा वेळ खेळून दाखव.
नाव मी विचारलं होतं. त्यानं सांगितलंही,
पण नेमकी तेव्हाच कचरागाडी आपलं गाणं लावून गेली
आणि त्याचे ओठ तेवढे हलले.
पुन्हा विचारायला लाज वाटली.
म्हटलं, विचारू की शेवटी.

मग बॉल त्याच्याकडे गेला.
कसं सांगू.
बत्तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून
टॉर्चच्या उजेडात मी ती चकती पाहिली आहे:
आत कुणी गीझर लावला की
आवाज न करता कशी वेडी होते.
तसे त्याचे पाय.
वर काहीच नाही. चेहरा झोपेला आलेला.
दोन गोल.
दुसरा त्यांच्या गोलकीपरनं नुसता मान वळवून पाहिला,
शेजाऱ्याकडे आलेला पाहुणा पाहावा तसा.

सुट्टीत त्यानं बूट काढून ज्याचे त्याला दिले,
माझ्या पिशवीतली मूठभर शेव घेतली,
"बस छूट जाएगी" म्हणाला
आणि गंगवाल स्टँडकडे चालू लागला, चपला फटफटवत.

चौथा उज्जैनला. पाचवा घरी.
सरांनी कारखान्यात दोन फोन केले.
तिथं कंत्राट बदललं होतं,
आणि कंत्राटाबरोबर माणसं.

काल लीगचं वेळापत्रक आलं,
सोबत वीस नावांची यादी, शिक्का मारलेली.
सर शिट्टी काढून म्हणाले, पहिल्यांदाच स्पष्ट:
झालं ते विसरा. आता मोजलं जाणार आहे.

रात्री वही काढली.
मागचं वाचन शून्य. चालू वाचन दोन.
नावाची रेघ कोरीच.
कुलूप लावून गेलेल्या घरांसमोर
आम्ही जे लिहायचो तेच लिहिलं:
दार बंद. पुन्हा येणे.

रविवारी साडेतीनला पहिला सामना आहे.
शेव जरा जास्तच घेते.